तीन टाक्यांचे घर

गेल्या सप्टेंबरात आईबाबा अमरावतीहून आमच्याकडे ॲरिझोनात आले, तेव्हा त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवायचा हे ठरलेलेच होते. प्रश्न होता तो राहायचे कुठे एवढाच. बाबा वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षे मेळघाटात, धारणी आणि सेमाडोहच्या बाजूला गेली आहेत. हॉटेलात उतरून दिवसा दरी पाहून यायचे, हा बेत त्यांना रुचला नाही. "जंगलात जायचे तर जंगलात राहू, नाहीतर मी घरीच बरा," असे त्यांनी सांगून टाकले. आईच्या गुडघ्यांमुळे तंबूत जमिनीवर झोपणे शक्य नव्हते आणि रात्री अंधारात शौचालय शोधत जाणे तर त्याहूनही नव्हते. त्यामुळे मोटारहोम, म्हणजे आत पलंग, ओटा आणि शौचालय असलेली गाडी, भाड्याने घेऊन पाच रात्री कायबाब राष्ट्रीय वनात काढायच्या असे मी आणि माझ्या नवऱ्याने ठरवले. आम्ही दोघांनीही याआधी मोठ्यात मोठे वाहन चालवले होते ते घर बदलताना घेतलेला सामानाचा ट्रक.

अशा मुक्कामासाठी आधी राष्ट्रीय उद्यान आणि राष्ट्रीय वन यांतला फरक समजून घ्यावा लागतो, कारण नावे सारखी वाटली तरी दोन्हींचे धनी आणि नियम वेगळे आहेत. ग्रँड कॅन्यनचे राष्ट्रीय उद्यान नॅशनल पार्क सर्व्हिस सांभाळते. त्याला उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून टेकलेले कायबाब वन मात्र फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहे. ही संस्था १९०५ साली स्थापन झाली, ती कृषी खात्याच्या अखत्यारीत येते आणि देशभरातली १५४ राष्ट्रीय वने तिच्या ताब्यात आहेत. १९६० च्या कायद्यानुसार या वनांचा वापर लाकूड, गुरेचराई, पाणी, वन्यजीव आणि लोकांचा विरंगुळा अशा अनेक कामांसाठी एकाच वेळी करायचा असतो. त्यामुळे येथे राहण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे आखलेले कॅम्पग्राउंड, जिथे क्रमांक घातलेल्या जागा, टेबल, शेकोटीचे लोखंडी कडे, खड्ड्याचे शौचालय आणि बहुधा पिण्याच्या पाण्याचे नळ असतात व रोजचे भाडे पडते. दुसरा म्हणजे डिस्पर्स्ड कॅम्पिंग, म्हणजे परवानगी असलेल्या वनरस्त्याच्या कडेला, कोणतीही सोय नसलेल्या ठिकाणी फुकट मुक्काम. कायबाबमध्ये असा मुक्काम ३० दिवसांत जास्तीत जास्त १४ दिवस करता येतो. मी हे बाबांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. १९२७ च्या आपल्या वन कायद्यात राखीव जंगलात विस्तव पेटवणेदेखील गुन्हा आहे. "आम्ही जन्मभर लोकांना जंगलातून बाहेर काढत आलो, आणि हे म्हणतात या, फुकट राहा!" एवढेच शेवटी ते म्हणाले.

मोटारहोम भाड्याने घेताना मी पहिली चौकशी एका मोठ्या कंपनीकडे केली आणि करार संपूर्ण वाचला, हे माझे नशीबच म्हणायचे. अधिकृत कॅम्पग्राउंडपर्यंतचा छोटा कच्चा तुकडा सोडला तर इतर कच्च्या रस्त्यावर गाडी नेल्यास विमा लागू राहणार नाही, असे त्यात एक कलम होते. छपराला फांदी किंवा कमान लागून झालेले नुकसानही विम्याबाहेर होते. राष्ट्रीय वनातला फुकट मुक्काम म्हटला की वाटेत कच्चा रस्ता येणारच, त्यामुळे मग मी आपले वाहन भाड्याने देणारा एक खाजगी मालक शोधला आणि कोरड्या हवेत, देखभाल होणाऱ्या खडीच्या रस्त्यावर गाडी नेण्याची परवानगी त्याच्याकडून ईमेलने लेखी घेतली. गाडी सी वर्गाची होती, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली, २५ फूट लांब आणि साडेअकरा फूट उंच. तिच्यासाठी साधा वाहन परवाना चालतो. उंचीचा आकडा मी कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवला आणि पहिल्याच दिवशी एका पेट्रोल पंपाच्या छतासमोर तो कामी आला.

गाडी ताब्यात घेताना मालक दीड तास बोलत होता आणि नवऱ्याने ते सगळे फोनवर चित्रित केले. ज्यांना असे वाहन घ्यायचे आहे त्यांनी एवढे तरी करावेच, कारण तिथे डोके हलवून "समजले" म्हटलेल्या दहा गोष्टींपैकी आठ संध्याकाळपर्यंत विसरतात. त्या दीड तासाचे सार असे होते की या घराला तीन टाक्या आहेत. स्वच्छ पाण्याची ४० गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटरची. बेसिन आणि न्हाणीचे सांडपाणी जाते ती करड्या पाण्याची. आणि शौचालयाची काळी टाकी. पहिली रिकामी झाली की घर बंद, आणि बाकीच्या दोन भरल्या तरीही घर बंद. राष्ट्रीय वनातल्या बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये वीज, पाणी किंवा सांडपाण्याची जोडणी नसते. सांडपाणी, अगदी भांडी धुतलेलेसुद्धा, जमिनीवर सोडणे नियमाविरुद्ध आहे. म्हणजे जे घेऊन गेलो तेवढेच वापरायचे आणि जे साचले ते सगळे परत आणायचे. आईने हे ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे लग्नघरातल्या ड्रमासारखे. एकाने हिशेब ठेवला पाहिजे." तो हिशेब बाबांकडे गेला. त्यांनी त्याच दिवशी एक छोटी वही घेतली.

कॅम्पग्राउंडचे आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर बहुधा सहा महिने आधी खुले होते. तिथे जागेचा फोटो पाहून भुलू नये. त्या जागेत किती लांबीचे वाहन मावते हा आकडा पाहावा, आणि मागे घेऊन लावायची जागा आहे की सरळ आत शिरून पुढून बाहेर पडायची, तेही पाहावे. नवशिक्याने दुसऱ्या प्रकारची जागा मिळाल्यास तीच घ्यावी. सरकारी पासांपैकी ज्येष्ठांसाठीचा पास कॅम्पग्राउंडच्या भाड्यात बहुतेक ठिकाणी निम्मी सूट देतो, पण तो ६२ वर्षांवरील अमेरिकी नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतो. व्हिसावर भेटीला आलेल्या आईबाबांना तो मिळत नाही, त्यामुळे आम्हाला पूर्ण भाडे पडले.

फिनिक्सहून फ्लॅगस्टाफपर्यंतचा रस्ता साधारण ११०० फुटांवरून ७००० फुटांवर चढतो. एरवी आमच्या गाडीला हा चढ जाणवतही नाही. मोटारहोमला तो जाणवला, आणि वातानुकूलन बंद करून, उजव्या मार्गिकेत, मालट्रकांच्या रांगेत आम्ही तो चढलो. गॅलनला साडेआठ मैल, म्हणजे लिटरला चार किलोमीटरही नाही, असा हिशेब पडला. पहिल्या दोन रात्री विल्यम्सजवळच्या कायबाब लेक कॅम्पग्राउंडमध्ये होत्या. हा तलाव विल्यम्स गावाला पाणी पुरवतो, म्हणून त्यात पोहायला मनाई आहे. तलावाभोवती पाँडेरोसा पाइनचे उंच, विरळ जंगल आहे. या झाडाच्या जुन्या, नारिंगी सालीच्या फटीत नाक खुपसले की व्हॅनिलाचा वास येतो, हे मी वाचले होते. बाबांनी चार झाडे हुंगली आणि चौथ्याला मान डोलावली.

गाडी लावल्यावर ती समतल करणे हे पहिले काम असते. ते नुसते झोपेच्या सोयीसाठी नसते. या गाड्यांमधला गॅसवर चालणारा फ्रिज कललेल्या अवस्थेत नीट थंड होत नाही आणि बराच काळ तसा चालवला तर बिघडतो. मालकाने प्लॅस्टिकचे ठोकळे दिले होते. चाकाखाली ते रचून गाडी वर चढवायची. फोनमधल्या समतलदर्शकावर बाबांचा विश्वास बसेना. त्यांनी ओट्यावर काठोकाठ पाण्याची वाटी ठेवली आणि नवरा इंचाइंचाने गाडी पुढे घेत असताना पाणी कोणत्या बाजूने सांडते ते ओरडून सांगत राहिले. तीन प्रयत्नांत काम झाले. नंतर फोन लावून पाहिला तेव्हा अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता.

त्या रात्रीचा प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण जंगलात मोटारहोम नेणाऱ्या नवख्यांवर तो हमखास येतो. सप्टेंबरात त्या उंचीवर पहाटे तापमान तीन-चार अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. झोपताना आम्ही गॅसचा हीटर लावला, चार फोन आणि एक लॅपटॉप चार्जिंगला लावले आणि झोपलो. पहाटे साडेतीनला कुठेतरी बारीक "टिट्" असा आवाज दर मिनिटाला येऊ लागला. हीटर बंद पडला होता, दिवे मंद झाले होते आणि आवाज गॅसगळती कळवणाऱ्या यंत्राचा होता. आम्ही घाबरून दार उघडले, सगळ्यांना बाहेर काढले, गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. आई शाल गुंडाळून टेबलापाशी बसली होती आणि तिच्या तोंडातून वाफ निघत होती. शेवटी नवऱ्याने चित्रफीत लावली, तेव्हा कळले की सलग न वाजता थांबून थांबून एकेकदा वाजणारा हा आवाज गळतीचा नसून बॅटरी उतरल्याचा आहे. व्होल्टमीटर ११ च्या खाली गेला होता. बॅटरी पूर्ण भरलेली असताना हा आकडा १२.७ च्या आसपास असतो आणि १२.१ च्या खाली गेला की साधी शिसे-आम्लाची बॅटरी निम्मी संपली असे समजायचे.

कारण दोन होते. हीटर गॅसवर चालतो खरा, पण गरम हवा ढकलणारा त्याचा पंखा बॅटरीवर चालतो आणि तो बरीच वीज खातो. दुसरे म्हणजे लॅपटॉपसाठी आम्ही इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज घरातल्या विजेसारखी करून देणारे यंत्र, चालू केला आणि तसाच ठेवला. फ्रिज "ऑटो"वर होता. त्याला इन्व्हर्टरची वीज बाहेरच्या जोडणीची वाटली आणि गॅसवर जाण्याऐवजी तो रात्रभर बॅटरीवरच चालला. जनरेटर लावून बॅटरी भरता आली असती, परंतु कॅम्पग्राउंडमध्ये रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते आणि ती मोडणे आम्हाला शोभले नसते. अडीच तास आम्ही चौघे एकाच पलंगावर, आईने अमरावतीहून आणलेल्या दोन गोधड्यांखाली बसून काढले. या गोधड्या बॅगेतून काढून ठेव म्हणून मी तिच्याशी फोनवर वाद घातला होता. त्या विषयावर ती त्या रात्री एक शब्दही बोलली नाही, हे तिचे मोठेपण.

दुसऱ्या दिवसापासून नियम ठरले. फ्रिजचे बटण "गॅस"वर. इन्व्हर्टर कामापुरता. फोन फक्त गाडी चालू असताना भरायचे. सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी जेवणाआधी एकेक तास जनरेटर. जनरेटर गाडीच्याच टाकीतले इंधन वापरतो आणि टाकी पाव भागावर आली की आपोआप बंद पडतो, जेणेकरून गाडी निदान गावापर्यंत जावी. म्हणून जंगलात शिरताना टाकी भरूनच शिरावे. उंचीवर त्याची ताकदही दर हजार फुटांमागे तीन-साडेतीन टक्क्यांनी घटते. रात्री हीटर अगदी कमी तापमानावर ठेवायचा आणि बाकी भरवसा गोधडीवर. त्यानंतर एकाही रात्री बॅटरी १२.३ च्या खाली गेली नाही. बाबांच्या वहीत रोजची नोंद आहे.

पाण्याच्या बाबतीत मराठी घराची एक खास अडचण असते आणि ती उघडपणे लिहिणेच बरे. आईबाबांना शौचालयात कागद चालत नाही, मग्गा लागतो. त्यामुळे काळी टाकी लवकर भरेल अशी मला धास्ती होती. प्रत्यक्षात मालकाने हसून सांगितले की या टाकीत पाणी कमी पडले तर घट्ट मैला व कागद साचून ढीग होतो आणि तो मोकळा करणे हे महाकठीण काम असते. मग्ग्याचे पाणी उलट उपयोगीच आहे. आम्ही दिवसा कॅम्पग्राउंडचे शौचालय वापरले आणि मग्गा अर्धा लिटरचा केला. खरी उधळपट्टी झाली ती भांडी धुण्यात. पहिल्याच दिवशी करड्या टाकीचा दर्शक अर्ध्यावर आला. मग ताटे आधी कागदाने पुसायची, एका टोपात साबणाचे पाणी आणि दुसऱ्यात खळबळायचे, नळ धो धो सोडायचाच नाही, असे ठरले. पिण्याचे पाणी मोठ्या टाकीतून घ्यायचे नाही. त्यासाठी पाच गॅलनचे दोन कॅन कॅम्पग्राउंडच्या नळावर भरायचे. या नळांना बहुधा रबरी नळी जोडता येत नाही, त्यामुळे गाडीची टाकी तिथे भरू असे गृहीत धरू नये. आंघोळीला प्रत्येकी एक बादली, म्हणजे न्हाणीत उभे राहून तांब्याने. मेळघाटातल्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला यात नवे काही नव्हते.

स्वयंपाकात दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. सात हजार फुटांवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर शिजूनही कच्चट राहते. कुकर नेलाच पाहिजे आणि एक-दोन शिट्ट्या जास्त घेतल्या पाहिजेत. दुसरे असे की फोडणी घातली की धूर कळवणारे यंत्र बोंबलते. मोहरी तडतडायच्या आत छपराचा पंखा सुरू करून दोन खिडक्या उघडाव्या लागतात, आणि मिरचीचा ठेचा करायचा असेल तर सरळ बाहेर टेबलावर छोटी गॅसशेगडी मांडावी. पिशव्या बाहेर ठेवू नयेत. आमची कचऱ्याची पिशवी डोमकावळ्यांनी दहा मिनिटांत फाडली आणि कांद्याची साले जागाभर पसरली.

तिसऱ्या दिवशी आम्ही उद्यानात गेलो. दरीबद्दल मी येथे लिहीत नाही, ते सर्वांनी लिहिले आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ठिकाण होते ते मॅदर कॅम्पग्राउंडजवळचे टाक्या रिकाम्या करायचे केंद्र. तिथली रीत अशी, की हातमोजे घालून जाड नळी आधी जमिनीतल्या तोंडात पक्की बसवायची आणि मगच गाडीकडचे झाकण काढायचे. आधी काळी टाकी पूर्ण सोडायची, तिचा व्हॉल्व्ह बंद करायचा, नंतर करडी टाकी सोडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. नवऱ्याने झाकण आधी काढले. व्हॉल्व्हमध्ये अडकलेले लोटाभर पाणी त्याच्या बुटांवर आले. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका आजोबांनी हॉर्न न वाजवता खाली उतरून आपल्याजवळची जुनी पाण्याची नळी पुढे केली. स्वच्छ पाणी भरायची नळी आणि धुवायची नळी या कधीही एक नसाव्यात, हेही त्यांनीच बजावले.

मोकळ्या टाक्या आणि भरलेले पाणी घेऊन आम्ही टुसायान गावाच्या पूर्वेकडील वनरस्ता ३०२ धरला. येथे फुकट मुक्काम करायचा तर मोटर व्हेइकल यूज मॅप हा फॉरेस्ट सर्व्हिसचा नकाशा हाच कायदा समजायचा. तो फुकट मिळतो, काळापांढरा असतो, दिसायला अगदी रुक्ष असतो, आणि त्यावर जो रस्ता नाही तो जमिनीवर कितीही ठळक दिसला तरी वाहनाला बंद असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके दाखवले असतील तर तिथे ठरावीक अंतरापर्यंत, आमच्या भागात ३०० फुटांपर्यंत, मुक्कामासाठी गाडी आत घेता येते. जंगलात फोनला रेंज मिळत नाही, म्हणून हा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा; ॲव्हेन्झा मॅप्स या ॲपमध्ये तो घेतला तर आपण कुठे आहोत हे नेटवर्कविना कळते. नवी जागा तयार करू नये, आधी कोणी राहून गेल्याच्या खुणा असलेली जागाच घ्यावी. ॲरिझोनात आणखी एक कायदा आहे: वन्यप्राण्यांना पाण्याचा तोच आधार असेल अशा पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करता येत नाही. "पाणवठ्यावर माणूस बसला की जनावर तहानलेले राहते. हे मला कोणी शिकवायला नको," असे बाबा म्हणाले.

जागा पाहण्याचे काम त्यांनीच केले. गाडी मुख्य वनरस्त्यावर उभी करून ते आणि मी पायी आत गेलो. ते दर दहा पावलांवर टाच रोवून जमीन पाहत होते. वर फांद्या किती खाली आल्या आहेत, मागे वळायला जागा आहे का, वठलेले झाड जवळ आहे का, हे त्यांनी क्रमाने पाहिले. पहिली जागा मला फार आवडली होती. तिच्या कडेला एक मोठा, साल गळालेला, उभा वाळलेला पाइन होता. "वारा सुटला की हा कुणाला विचारून पडणार नाही," असे म्हणून त्यांनी ती नाकारली. तिसरी जागा पसंत पडली. गाडी तोंड बाहेरच्या बाजूला करून लावली, म्हणजे घाईने निघायची वेळ आली तर मागे घेत बसावे लागणार नाही. आजूबाजूला वाळलेले शेण पडले होते, कारण या वनात उन्हाळ्यात गुरे चरायला सोडतात. बाबांचे डोळे चमकले. "रोडग्यांसाठी गोवऱ्या तयारच आहेत की!" गोवऱ्या तशाच राहिल्या, खाली पडलेल्या वाळक्या फांद्यांवर शेकोटी केली. मुक्कामात जाळण्यापुरते असे लाकूड गोळा करता येते. कणकेचे रोडगे निखाऱ्यात भाजले, वांगे भाजून भरीत केले आणि वऱ्हाडातले जेवण कायबाबमध्ये झाले.

शेकोटीबद्दल एक सांगायला हवे. आगीचा धोका वाढला, विशेषतः मे-जूनमध्ये, की फॉरेस्ट सर्व्हिस टप्प्याटप्प्याने निर्बंध लावते. पहिल्या टप्प्यात फक्त कॅम्पग्राउंडमधल्या लोखंडी कड्यात शेकोटी चालते, पुढच्या टप्प्यात कुठेच नाही; बटणाने बंद होणारी गॅसशेगडी बहुधा चालते. निघायच्या दिवशी सकाळी त्या वनाच्या कार्यालयाला फोन करून विचारणे हाच खात्रीचा मार्ग. शेकोटी विझवताना पाणी ओतायचे, राख ढवळायची, पुन्हा पाणी ओतायचे आणि शेवटी उघड्या हाताला ऊब लागत नाही ना ते पाहायचे. याला आमचे तीन गॅलन पाणी लागले. हिशेबाच्या वहीत हे पाणी धरलेले नव्हते, म्हणून दुसऱ्या रात्री शेकोटी केली नाही. वाटेत एका ठिकाणी "ठरवून लावलेली आग, कळवू नये" अशा अर्थाची पाटी होती. पाँडेरोसाची जाड साल जमिनीलगतची हलकी आग सोसते आणि अशा आगीत खालचा पालापाचोळा व दाटीवाटीची रोपे जळून गेली तर पुढचा मोठा वणवा टळतो. वणवा अडवण्यासाठी आखलेल्या जाळरेषा फेब्रुवारीच्या आत जाळून घेण्यासाठी मजुरांमागे धावलेल्या बाबांना ही पाटी इतकी पटली की तिच्याशेजारी उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतला. दरीच्या काठावर मात्र ते फोटोला तयार नव्हते.

त्या रात्री एल्कचा आवाज ऐकू आला. सप्टेंबर हा त्यांच्या माजाचा काळ. एवढ्या मोठ्या हरणाच्या गळ्यातून शिट्टीसारखा, वर चढत जाणारा आणि शेवटी घोगऱ्या खोकल्यात विरणारा आवाज निघतो. बाबांनी दिवा बंद करायला लावला. सांबराच्या "ढाँक"शी त्याचे काही साम्य नाही, पण तो किती दूर आहे आणि कोणत्या बाजूला सरकतो आहे, हे ते अंधारात बोटाने दाखवत होते.

पाचव्या दिवशी दुपारी पश्चिमेला ढग दाटले. ॲरिझोनातही मान्सून असतो आणि त्याच्या सरी सप्टेंबरअखेरपर्यंत येतात. शेवटच्या रात्रीसाठी मी टेन-एक्स या टुसायानजवळच्या वनखात्याच्या कॅम्पग्राउंडमध्ये आधीच जागा घेऊन ठेवली होती. शेवटची रात्र डांबरी रस्त्याच्या जवळ असावी, हा एका अनुभवी शेजाऱ्याचा सल्ला होता. आमचा बेत सूर्यास्तानंतर निघायचा होता. पहिले चार थेंब पडताच बाबांनी खुर्च्या दुमडायला घेतल्या. तरी आवरायला वीस मिनिटे लागली आणि तेवढ्यात तिथल्या चुनखडीच्या मातीचा वरचा थर साबणासारखा झाला. मागचे चाक एकदा जागीच फिरले. नवऱ्याने वेग वाढवला नाही, हे बरे झाले. आम्ही समतल करायचे ठोकळे आणि पायपुसणी चाकापुढे घातली, आणि गाडी हळूच वर आली. ती पायपुसणी नंतर तीनदा धुवावी लागली.

परतताना गाडी मालकाच्या दारात उभी केली तेव्हा तिन्ही टाक्या रिकाम्या होत्या, तरी काळ्या टाकीचा दर्शक एक तृतीयांश दाखवत होता. मी स्पष्टीकरण देऊ लागले, तर मालक म्हणाला की आतल्या दर्शकांना कागद चिकटला की ते असेच खोटे बोलतात. बाबांनी वही उघडून कुठे, किती वाजता टाकी रिकामी केली ती नोंद त्याच्यापुढे धरली. त्याने ती वाचल्यासारखे केले, अक्षरे मराठी असली तरी. मग तो आत गेला आणि ओट्यावरच्या पांढऱ्या पत्र्यावर बोट ठेवून काही वेळ उभा राहिला. तिथे हळदीचा रुपयाएवढा डाग होता. त्यापोटी त्याने अनामत रकमेतून चाळीस डॉलर कापले.